बाहेरून आलेली कोरी वडी

बाई,

मागच्या रविवारी मी मडावीभाऊंना पाचशे दिले आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

पाचशे म्हणजे गुण. पैसे लावून खेळायचं नाही हा तुमचा दंडक, आणि तुमच्या माघारी तो मोडायची ऊर्जानगरात कोणाची छाती नाही. पण गुण कमी मिळाल्याचं दुःखही काही थोडं नसतं. मडावीभाऊंनी दुपारभर कळ काढून माजोंगचा एक हात जुळवला होता. तुमच्या भावाने टाकलेली वडी उचलून ते "रॉन" म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी सवयीने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. हात झाला की पुढचं काम त्या खुर्चीचं. तिथे तुम्ही बसायचात. कपाळावरचा चष्मा खाली ओढायचात, वड्यांवरून बोट फिरवायचात, "लाभ, दोन" असं काहीतरी पुटपुटायचात आणि आकडा सांगायचात. आम्ही तो मुकाट्याने मान्य करायचो.

त्या दिवशी खुर्चीत मी होते. मडावीभाऊंची बायको सुनंदा चौथी म्हणून आली होती, पण "बाईच्या जागी मी नाई बसत" म्हणून अडून बसली. मग रीतीप्रमाणे वाऱ्यांच्या वड्या काढून जागा ठरवल्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीची पूर्व नेमकी माझ्या हातात आली.

"मोजा ना वहिनी," मडावीभाऊ म्हणाले.

मी मोजलं. तुमच्यासारखं बोट फिरवलं, तुमच्यासारखं "लाभ, दोन" म्हटलं, आणि आले पाचशे.

"पाचशे?" भाऊ म्हणाले. "बाईच्या हातनं तं असल्या हाताले दोन हजार भेटत होते, वहिनी."

"हजाराच्या खाली तं कधी कोणाले काई भेटलंच नाई," सुनंदा म्हणाली. "मापात मारलं तुमी यायले."

तुमचा भाऊ उठून गॅलरीत गेला आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरची वीजकेंद्राची राख झटकत उभा राहिला. ती काही झटकून जात नाही, हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं आहे. खेळ तिथेच थांबला.

मला राग आला. खरं सांगते, तुमचाच आला. किती वेळा म्हटलं होतं, मला मोजायला शिकवा. तुमचं ठरलेलं उत्तर: "मी हावो ना मोजाले. तू खेळ." आता बघा.

मी शिवणकाम करणारी बाई. मापात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर ब्लाऊज परत उसवणारी. आणि माझ्याच टेबलावर दोन हजारांचे पाचशे कसे झाले ते मला कळत नाही, हे मला सहन होईना. तुमच्या जाण्याचं दुःख होतंच, पण त्या संध्याकाळी त्याहून मोठं कुतूहल डोक्यात शिरलं. हे लिहिताना थोडं विचित्र वाटतंय. पण तुम्हाला वाटलं नसतं. तुम्ही स्वतः आयुष्यभर ज्याला-त्याला "काऊन?" विचारत आलात.

एटापल्ली तालुक्यातल्या उपकेंद्रांत तुम्ही नर्सबाई म्हणून नोकरी काढली. पावसाळ्यात नाला चढला की तिकडेच अडकून पडायचात आणि रमी खेळायचात, असं तुम्हीच सांगायचात. निवृत्त होऊन चामोर्शीच्या घरी आलात, मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे, आणि गुडघा बरा झाला तरी इथेच राहिलात. "चामोर्शीले जायाचं तं सूरजागडच्या खदानीच्या ट्रकायच्या मांगं रांगत जा लागते," हे कारण सांगायचात. मी ते खरं मानायची, कारण मलाही तुम्ही राहायला हव्या होतात.

त्यात पल्लवी जपानला गेली, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काळजीवाहक म्हणून. तिला पाठवायला मी कचरत होते. तुम्ही तिच्या बापाला, म्हणजे तुमच्या भावाला, म्हणालात, "मले एटापल्लीले धाडलं तवा कोणी रडलं नाई. इले जपानले धाडताना कायले रडता?" आश्रमातले आजी-आजोबा दुपारी माजोंग खेळतात, तेव्हा पल्लवीलाही शिकावं लागलं. पहिल्या सुट्टीत आली ती डब्बा घेऊनच. साबणाच्या छोट्या वड्यांसारख्या एकशे छत्तीस वड्या. तुम्ही त्यांना पहिल्या दिवशी वड्या म्हटलं, आणि पुढे कोणी दुसरं नाव घेतलं नाही.

खेळ तुम्हाला लगेच कळला. प्रत्येकाकडे तेरा वड्या, एक उचलायची, एक टाकायची, चार तिकड्या आणि एक जोडी जमली की हात झाला. "रमीच हाये गा," तुम्ही भावाला म्हणालात. गोलांच्या वड्या, आकड्यांच्या वड्या, बांबूच्या वड्या. बांबू पाहून मडावीभाऊ खूश. एका बांबूच्या जागी पाखरू काढलेलं होतं, तर ते म्हणाले, "हे बराबर हाये. बांबूत पाखरू असतेच." आणि एक वडी साफ कोरी, तिच्यावर काहीच नाही. मला वाटलं कारखान्यात छापायची राहून गेली. पल्लवी म्हणाली, "नाही गं आई, ती मानाची वडी आहे." तशा चार असतात; तीन कोऱ्या जमल्या की मोल वाढतं.

खेळ सोपा, मोजणी अवघड. पल्लवीसुद्धा तक्ता पाठ करून मोजायची. आम्ही तिघांनी तक्त्याला हात जोडले. तुम्ही मात्र तिला प्रत्येक खान्याला "काऊन?" विचारलंत. तिला सांगता येईना, तेव्हा ती जपानला परत गेल्यावर फोनवरून तिथल्या एका आजींना विचारलंत, मध्ये पल्लवीला दुभाषी बसवून. त्या आजी आणि तुम्ही. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, आणि तुमचा पोळ्यांचा तवा जळेपर्यंत तुमचं चालायचं. काय बोलायचात, ते मी कधी कान देऊन ऐकलं नाही. तवा मात्र मी घासायची.

आपलं भांडण एकाच नियमावरून होतं, आणि ते तुम्हाला पुरतं आठवत असणार.

तीन सारख्या वड्या जमल्या की त्याचे थोडे गुण, त्यांना ते लोक फू म्हणतात. तिन्ही वड्या आपल्याच हाताने उचलून जमवल्या तर पूर्ण फू. पण तिसरी वडी दुसऱ्याने टाकलेली घेऊन तिकडी पुरी झाली, तर अर्धे. नियम स्पष्ट आहे, पल्लवीने पहिल्याच दिवशी सांगितला होता. तुम्ही तो कानाआड केलात तो केलातच.

"बाहेरून आली म्हणून अर्धी काऊन?" तुम्ही म्हणायचात. "आता कोणाच्या रांगेत बसली हाये ते पाय ना."

"नियम आहे बाई."

"नियम कोणी केला?"

"ज्यांनी खेळ केला त्यांनी."

"मंग त्यायले विचारून पाय, यायच्या घरी सुना नाई येत का."

यावर मडावीभाऊ हसायचे, तुमचा भाऊ चहा ठेवायच्या निमित्ताने उठायचा, आणि तुम्ही पूर्ण मोजून मोकळ्या व्हायचात. मी दर वेळी हरकत घ्यायची. गंमत अशी की, त्याने कधी काही बिघडलं नाही. फूंची बेरीज झाली की ती वरच्या दहाला न्यायची असते. चौतीस झाले काय नि अडतीस झाले काय, दोन्हींचे चाळीसच. अर्ध्या-पूर्णाचा फरक त्या वर नेण्यात बुडून जायचा. तुम्हालाही ते माहीत असणार. म्हणून तुम्ही निवांत भांडायचात. मला माहीत नव्हतं, म्हणून मी जिवाच्या आकांताने भांडायची.

तुमच्या शेवटच्या रविवारी मात्र तो फरक बुडला नाही.

कूलर लावलेला होता तरी खोली तापली होती. शेवटचा डाव. मी तुमच्यापुढे सहा हजारांनी होते, आणि सहा हजारांनी मी तुमच्यापुढे कधीच नसते, त्यामुळे माझा आवाज जरा चढलेला होता. हात आवरायचा म्हणून मी एक वडी टाकली. कोरी.

"रॉन," तुम्ही म्हणालात आणि रांग आडवी केलीत.

"अर्धी मोजा," मी लगेच म्हटलं. "ती कोरी माझ्याकडून आली आहे."

"कोणाकूनही येऊ दे. पूर्ण."

"बाई, आज डाव त्याच्यावर आहे. आज नियमाने मोजा."

तुम्ही चष्मा खाली घेतलात. बोट वड्यांवर ठेवलंत आणि ते तिथेच राहिलं. मला वाटलं तुम्ही मोजताय. मग तुम्ही म्हणालात, "रेखा, थोडं पानी दे वो." आवाज तुमचा नव्हता.

मडावीभाऊंनी खालून गाडी आणली. दोघांनी तुम्हाला खुर्चीसकट उचललं. जिन्यात तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "वड्या मोडू नको. आल्यावर मोजतो."

मग इथलं हॉस्पिटल, मग नागपूर, आणि नागपूरहून तुम्ही बोलत्या परत आला नाहीत.

त्या चौदा वड्या मी डब्याच्या झाकणात, होत्या तशा रांगेने ठेवून दिल्या. पुण्यानुमोदन झालं, चामोर्शीची मंडळी बसने परत गेली, घर एकदम मोठं झालं, तरी झाकण कपाटावर तसंच. पुन्हा खेळायचं तर त्या वड्या ढिगात मिसळणं भाग होतं. चौदा कमी असताना खेळ होत नाही. तुमचा भाऊ म्हणाला, "मंग नाई खेळायाचं." मी म्हटलं, खेळायचं. आधी फोनवर फोटो काढला आणि मग झाकण उपडं केलं. तो आवाज मला बरा वाटला नाही. त्या रविवारीच मी मडावीभाऊंना मापात मारलं.

तर आता शिकले ते ऐका. चुकत असेन तर थांबवा, असं लिहिणार होते.

प्रत्येक जुळलेल्या हाताला वीस फू फुकट. हात शेवटपर्यंत झाकलेला असेल आणि शेवटची वडी दुसऱ्याची असेल तर आणखी दहा. तिकड्यांचे वेगळे. बेरीज करून वरच्या दहाला न्यायची. इथवर मला पल्लवीने त्या रविवारच्या आधीच फोनवर दोन बैठकांत शिकवलं होतं, आणि मला ते आवडलं. वर नेणं विशेष आवडलं. खाली कधीच उतरायचं नाही, खेळणाऱ्याच्या बाजूनेच झुकायचं. तुमचं शिगोशीग भरलेलं माप आठवलं.

मग दुपटी. हातात काही मोलाचं असेल, कोऱ्यांची तिकडी किंवा त्या डावापुरती ठरलेली बक्षिसाची वडी, तर त्याची एकेक दुप्पट. मडावीभाऊंच्या हाताला तीस फू होते आणि दोन दुपटी. तिसाचे साठ, साठाचे एकशेवीस. वडी टाकणाऱ्याने चार वाटे भरायचे, म्हणजे चारशेऐंशी, वर नेऊन पाचशे. मी हेच केलं होतं. तक्ता मात्र दोन हजार सांगत होता.

"चौपट कसे गं?" मी पल्लवीला विचारलं.

"माहीत नाही आई. तक्त्यात तसंच आहे."

"काऊन पण?"

ती म्हणाली, "आई, तू अगदी आत्यासारखं म्हणालीस."

मला तुमचा "लाभ, दोन" अडवत होता. धान मोजताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, मग दोन, तीन, चार. हे आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. म्हणून तुमच्या तोंडचं लाभ, दोन म्हणजे हातातल्या दोन दुपटी, असं मी धरून चालले होते. तिथे मी फसले. जपानी माणूस या ठिकाणी फसलाच नसता, त्याला धान मोजताना काय म्हणतात हे ठाऊकच नाही.

दोन दिवसांनी पल्लवीचा फोन आला. ती आधी हसत होती आणि मग हसणं थांबलं. तिने त्या आजींना विचारलं होतं. आजी म्हणाल्या, हा प्रश्न त्यांना जन्मात एकाच बाईने विचारला होता, तुझ्या आत्याने. आणि मग त्यांनी सांगितलं: पहिल्या दोन दुपटी कोणाच्याच नसतात. त्या टेबलाच्या. हात केवढाही लहान असो, जो टेबलावर बसला त्याला त्या मिळतातच. त्या दोन घातल्यावर मग आपल्या हातातल्या मोजायच्या. हे ऐकून आत्या फोनवर म्हणाली होती, "अस्सं. म्हणजे लाभ." आणि पल्लवीला त्याचा अर्थ त्यांना सांगायला लावला होता. तेव्हापासून त्या आजी, पल्लवी सांगते, मोजताना पहिल्या दोन दुपटींना "राबु, राबु" म्हणतात. शेजारच्या टेबलावरचे आजोबासुद्धा म्हणायला लागलेत.

फोन ठेवून मी मशीनवर बसले, पण सुईत दोरा ओवता येईना. रडले. नागपूरला सगळ्यांसमोर रडले त्यापेक्षा हे वेगळं होतं. माझ्या नणंदेचा एक शब्द जपानमधल्या कुठल्याशा आश्रमात दुपारी दुपारी उच्चारला जातो, आणि मी तो शेजारच्या खुर्चीत बसून चुकीचा ऐकत होते. मग रडतारडता मी तीस घेतले. लाभ, साठ. दोन, एकशेवीस. आता मडावीभाऊंच्या दोन: दोनशेचाळीस, चारशेऐंशी. चार वाटे, एकोणीसशेवीस. वर नेले, दोन हजार. मी एकटीच हसले. आकडा जुळल्यावर होणारा आनंद फार शुद्ध असतो, बाई. तुम्ही तो इतकी वर्षं एकटीने खाल्लात.

त्याच वेळी मला चामोर्शीचं अंगण आठवलं. लग्नानंतरचा पहिला हिवाळा. नवा तांदूळ गिरणीतून सडून आला होता आणि सासूबाई वर्षाचं माणशी मोजून ऊर्जानगरला पाठवण्यासाठी पोत्यात ओतत होत्या. त्यांची ती रीतच होती, माणशी इतक्या पायल्या. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "इचं अर्धंच घालतो. नवी नवरी, अर्धं वरीस माहेरीच राह्यते." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हिशोबच होता. मी खाली मान घालून सुपातले खडे वेचत होते. तुम्ही एटापल्लीहून रजेवर आला होतात, पायरीवर बसून पायातले काटे काढत होतात. तुम्ही उठलात, सासूबाईंच्या हातातून पायली घेतलीत आणि म्हणालात, "आई, घरात आली ते घरची. पूर्ण मोज." आणि पोतं नव्याने धरून, पायलीवर शीग चढवून पहिलं माप माझ्या नावाने ओतलंत. "लाभ."

तेव्हा आपली ओळख अशी नव्हतीच. मी तुम्हाला लग्नात पाहिलं होतं तेवढंच. नंतर ना तुम्ही कधी त्याचा उल्लेख केलात, ना मी. घरात असल्या गोष्टी कोणी बोलून दाखवत नाही. वर्षानुवर्षं आपण भाजीच्या फोडणीवरून, टीव्हीच्या आवाजावरून, पल्लवीच्या लग्नावरून बोललो, आणि त्या मापाबद्दल मी तुम्हाला एका शब्दाने बरं म्हटलं नाही. आज म्हणते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

आता मला एकच जाणून घ्यायचं आहे आणि विचारायला कोणी नाही. टेबलावर तुम्ही त्या कोरीसाठी भांडायचात, तेव्हा तुम्हाला ते पोतं आठवत होतं का? की तुमचा स्वभावच तसा, तिकडे तांदळाशी भांडलात, इकडे वडीशी? आणि समोर बसून "अर्धी मोजा, अर्धी मोजा" म्हणून कंठशोष करणारी मीच आहे, याचं तुम्हाला मनातल्या मनात हसू येत होतं का? तुमच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, "ताईले काय आठवत होतं ते ताईले माहीत. पण तुले चिडवाले तिले लय आवडत होतं." यातून मला काही कळलं नाही, आणि बरंच कळलं.

काल रविवार होता. चौघं बसलो. वड्या कालवायच्या आधी मी म्हटलं, थांबा, एक जुनं काम राहिलं आहे. फोनवरचा फोटो काढला आणि ढिगातून एकेक वडी वेचून झाकणात तुमचा हात पुन्हा मांडला. पाच बांबूच्या तीन, तुम्ही स्वतः उचललेल्या. दोन साध्या रांगा, त्यातल्या एकीत त्या डावाची बक्षिसाची वडी. दोन गोलांची जोडी. आणि तीन कोऱ्या, त्यातली एक माझी. पल्लवी फोनवर होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. सगळ्यांना माहीत होतं हा कोणता हात आहे. तुमचा भाऊ या वेळी उठून गेला नाही.

मी मोजायला लागले. वीस फुकटचे. हात झाकलेला, दहा. तीस. बांबूंचे चार. चौतीस. आता कोऱ्या. अर्ध्या मोजल्या तर चार, म्हणजे अडतीस, वर नेऊन चाळीस. त्याचे होतात सव्वीसशे; ते माझ्याकडून जाऊन तुमच्याकडे येतात, म्हणजे फरक बावन्नशेचा, आणि माझी सहा हजारांची आघाडी त्यातून थोडकी का होईना तगते. डाव माझा. हे मी दोन दिवस आधीच मोजून ठेवलं होतं, लपवत नाही. नियमाने मी जिंकले होते. तुमच्यासमोर मी कधी जिंकत नाही, आणि हा एक डाव माझ्या नावावर पडावा असं मला फार वाटत होतं.

"कोरी तं बाहेरची हाये ना?" सुनंदाने विचारलं. "अर्धी मोजता का पूर्ण?"

तुमच्या भावाने माझ्याकडे पाहिलं.

"घरात आली ते घरची," मी म्हटलं. "पूर्ण मोजायची."

"आई," फोनमधून पल्लवी म्हणाली, "नियमात तसं नाही आहे."

"या टेबलाच्या नियमात आहे. आजींना सांग."

कोऱ्यांचे आठ. चौतीस आणि आठ, बेचाळीस. वर नेले, पन्नास. मग मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं: लाभ, शंभर. दोन, दोनशे. कोरीची दुप्पट, चारशे. बक्षिसाची, आठशे. चार वाटे, बत्तीसशे. मडावीभाऊ बोटांवर माझ्यामागे मोजत होते, त्यांचंही तेवढंच आलं. माझ्या पेटीतून बत्तीसशे गुणांच्या काड्या काढून मी तुमच्या पेटीत ठेवल्या आणि दोन्ही पेट्या शेजारी शेजारी लावल्या.

बाई, आल्यावर मोजतो म्हणाला होतात. मी मोजलं. चारशेनी तुम्ही जिंकलात.